लोखंड मागणारी कॉइल

मित्रांनो, चंद्रपूरकडच्या मूल गावापुढच्या जंगलात बुटक्या खांबांवर आडवी बसवलेली मी एक जुनी तांब्याची कॉइल आहे. तुमच्यातली दोघं माझ्या पोकळीत सहज मावतील.

घुग्घुसला जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मुबीनभाईंनी मला गुंडाळलं. १९९८ साली बाहेरच्या एका कंपनीनं माझ्यासारख्या कित्येक कॉइली इथल्या चढावर ओळीनं बसवल्या. आमच्यात वीज सोडली की आम्ही चुंबक व्हायचं आणि रॉकेटची लोखंडी गाडी एकीनं दुसरीकडे ओढत वर भिरकावायची. पुढं रॉकेटनं स्वतःचं इंजिन पेटवायचं. पहिला धक्का जमिनीनं दिला की इंधन वाचतं. साहेब लोक पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवत.

गावाला मात्र कुणी काही सांगितलं नाही. गिरजाबाईनं विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, तुला समजणार नाही. खोटं. मी आत्ता तुम्हाला सांगितलं, समजलं ना?

तिचा नवरा जंगू आमचा चौकीदार; पदरात एक लहान पोर. एका दुपारी चाचणीची वीज आली आणि मी गुणगुणू लागले. रानातले किडे गप्प झाले. माझ्या तोंडाजवळून जाणाऱ्या जंगूच्या खांद्यावरची कुऱ्हाड आपोआप सुटली आणि माझ्या पोकळीत येऊन थरथरत राहिली. त्या भीतीनं जंगू तापानं फणफणला.

गिरजाबाई म्हणाली, "लोखंड मागून राह्यलं ना थे? देऊन टाकू. पोट भरलं का माणूस नाई मागत."

"अन् नाई भरलं तं?"

"मंग ठेकेदाराले वाहू. तुले नाई देत."

मोठ्या उड्डाणाच्या सकाळी तिनं घरचा विळा आणला, हळदकुंकू लावलं, तांदूळ वाहिले आणि तो माझ्या पोकळीत ठेवून हात जोडले. वीज सोडण्याआधी आमच्या पोकळ्या तपासायच्या असतात. साहेब मंडपात फोटो काढण्यात गुंग होते. चढाच्या वरच्या टोकाला, आमच्या ओळीसमोर, लाल फडकं घेऊन जंगू उभा होता.

वीज आली. विळा माझ्यातून सुटला. पुढचीनं ओढला, तिच्या पुढचीनं ओढला. वरचं लाल फडकं हळूच खाली बसलं.

अंधश्रद्धेचा बळी, असं म्हणून कंपनी निघून गेली. स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, ते नाही आठवलं. तारा तोडून नेल्या, मला इथंच काळवंडत ठेवलं.

आता माझ्यात वीज नाही. तरी भर दुपारी गिरजाबाई आली की मी गुणगुणते. कशी, ते मलाही ठाऊक नाही. ती खिळे, सळया, तुटका तवा माझ्या पोकळीत ठेवते आणि पुटपुटते, "एक विळा कमी पडला असन. हे घे, पन माह्या पोराले सोड."

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. पण ज्यांच्या रानात ती रोवता, त्यांना आधी ती काय आहेत ते सांगा. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जा तिच्याकडे. तिच्या घरात आता भाकरी भाजायलाही तवा उरलेला नाही.