दुपारच्या खेळाला मरण नाही

शनिवारी दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना, न्येंडोतल्या किबांड्यामागच्या केळीच्या बागेत, आठ वर्षांच्या नाकिबुलेने शेजारच्या कालोलीच्या डोक्यात शेंगदाणे कुटायचं मुसळ घातलं. कालोली सात वर्षांचा. तो पडला. मोठ्या माणसांना हे साडेचारला कळलं. मधली चाळीस मिनिटं ती त्याच्या अंगावर आईचं लुगडं पांघरून शेजारी बसली होती.

किबांडा, म्हणजे पत्र्याचं सिनेमाघर, तिच्या वडिलांचं, लुबूल्वाचं. तो स्वतः माइक घेऊन बसतो आणि पडद्यावर इंग्रजी चालू असताना लुगांडात, इथल्या भाषेत, गोष्ट सांगतो. त्या दिवशीच्या सिनेमात लाल झग्यातली दहा वर्षांची मुलगी लोखंडी गजाने चौदा माणसांना लोळवते. रात्रीच्या खेळाला लुबूल्वा प्रत्येकाच्या वेळी म्हणतो, मेला. दुपारी मुलं असतात, तेव्हा म्हणतो, झोपला, संध्याकाळी जेवायला उठेल.

ही पद्धत त्याची एकट्याची नाही. गेल्या वर्षी मुलं झोपेत ओरडू लागली म्हणून बायका त्याच्याकडे गेल्या होत्या. दुपारच्या खेळाला कुणी मरायचं नाही, असं तेव्हा ठरलं. बोलायला पुढे होती कालोलीची आई.

रविवारी प्रार्थनेनंतर गावचे चेअरमन काग्ग्वांनी आंब्याखाली बैठक घेतली. कालोली मसाकाच्या इस्पितळात होता, अजून शुद्धीवर आला नव्हता; त्याची आई बैठकीपुरती परत आली होती. नाकिबुले रीतीप्रमाणे चेअरमनसमोर गुडघे टेकून बसली. भांडण झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणाली. खेळात ती लाल झगेवाली होती आणि चौदावा माणूस व्हायची पाळी कालोलीची होती. आधीच्या तेरा जणांना तिने नुसतं हाताने पाडलं होतं, ते उठून घरी गेले होते. मग याच्या वेळी मुसळ का, यावर ती म्हणाली, तो मधेच डोळे उघडून हसत होता.

"मग हाक का नाही मारलीस कुणाला?"

ती वडिलांकडे बघत म्हणाली, "संध्याकाळ कुठे झाली होती?"

कालोलीचा मामा उठला. "लुबूल्वा, वर्षभर माणसं झोपवतोयस. आता एक उठवून दाखव."

लुबूल्वा चेअरमनांना म्हणाला, चूक माझी असेल तर सांगा, पण कुठली ते सांगा. सिनेमा दाखवला ती, की खोटं सांगितलं ती? चेअरमनांनी कालोलीच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं याला, दुपारी कुणाला मारू नकोस म्हणून."

शेवटी चेअरमनांनी तोच सिनेमा माइकशिवाय लावायला सांगितला. दुपारी अकरा मोठी माणसं बाकांवर बसून तो बघत राहिली. शाळेतले इंग्रजीचे मास्तर मुद्दाम पुढच्या बाकावर बसवले होते. पडलेली माणसं मेली असं कुणी म्हणतं का, असं त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, तसं कुणीच म्हणत नाही. मुलगी पुढे जाते, त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. काही जण हलतात असं मामाला वाटलं. बाकीच्यांना तसं वाटलं नाही. तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला, तरी एकमत झालं नाही. चेअरमनांनी वहीत तारीख आणि दोन्ही मुलांची नावं लिहिली, पुढची ओळ कोरी ठेवली.

घरी लुबूल्वाने मुलीला समोर बसवलं आणि सिनेमातली ती माणसं झोपलेली नव्हती, असं सांगितलं. तिने विचारलं, "आणि कालोली?" तो उठून बाहेर गेला.

सोमवारी सकाळी आठला इस्पितळातून कालोलीच्या आईचा फोन आला. पहाटे त्याने डोळे उघडले होते. आईकडे पाहिलं, नाव विचारल्यावर सांगितलं नाही, पुन्हा मिटले. आता झोपलाय का, असं लुबूल्वाने विचारलं. ती म्हणाली, नर्सलाही नक्की सांगता येत नाही.