ओला तंबू गुंडाळू नये

मी तंबू बोलतोय. कॅनव्हासचा. पिशवीतून काढले की फुग्यासारखे उभे राहतात, त्या नायलॉनवाल्यांपैकी नव्हे. मला उभा करायला चार माणसे लागतात आणि त्यांचे एकमेकांशी पटावे लागते.

माझे पहिले आयुष्य इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या एका स्काउट गटात गेले. तो गट बंद पडला. २००१ साली मेडनहेडच्या एका चर्चने स्वतःचा नवा गट काढला, तेव्हा मला तिकडे देऊन टाकले. बरोबर लाकडी दांडे, खुंट्या आणि एक हातोडा. नव्या गटाचे सामान तेवढेच.

गट काढायचे चर्चने ठरवले, पण मुले सांभाळायला कोणी पुढे येईना. रेव्हरंड जोन बाई दर रविवारी विचारत आणि लोक गीतांच्या पुस्तकात डोके खुपसत. शेवटी कमलाकर साळवे उठले. नगरकडचे ख्रिस्ती. बिस्किटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मिशनची शाळा लवकर सुटली होती, पण तिथे शिकलेल्या स्काउटच्या गाठी ते विसरले नव्हते.

मुले त्यांना स्किप म्हणू लागली. स्काउटच्या म्होरक्याला इथे असेच म्हणतात.

सुरुवातीला मुले इतकी थोडी की सगळी माझ्यात मावत. गोरी, पंजाबी, मराठी. मराठी मुलांत एक अनिश होता, इथेच जन्मलेला, मराठी मोडकेतोडके. दोर ओढण्यापेक्षा बोलण्यात पटाईत.

“स्किप, हे टेंट खूप जड आहे. नायलॉनची घ्या ना. दोन मिनिटात होते.”

“दोन मिनिटांत उभा राहतो तो दोन मिनिटांत उडूनही जातो. खुंटी धर.”

“पण माझी हात दुखते.”

“देवाने दुसरा दिलाय ना? तो लाव.”

स्किपचे नियम दोनच. पावसात आतून कापडाला बोट लावायचे नाही, लावले की तिथून गळते. आणि ओला तंबू गुंडाळून ठेवायचा नाही. कॅनव्हास ओला बांधला की आतल्या आत कुजतो. शिबिराहून भिजून आलात तर आधी तंबू वाळत घालायचा, मग चहा.

पहिल्याच वर्षी आम्ही शनिवारी असे भिजून आलो. चर्चच्या हॉलमध्ये कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. स्किपनी मला सरळ चर्चमध्ये नेले. गॅलरीच्या कठड्यापासून समोरच्या खांबापर्यंत दोर बांधला आणि बाकांवरून मला पसरून टाकले.

रविवारी सकाळी रेव्हरंड बाई आल्या.

“मिस्टर साळवे, हे काय?”

“तंबू.”

“ते दिसतंय मला.”

“वाळतोय. दुपारी काढतो.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातले प्रवचन बाजूला ठेवले आणि रानात तंबूंत राहणाऱ्या इस्राएल लोकांवर बोलल्या. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हॅटवर माझे पाणी ठिबकत होते. त्यांनी जागा बदलली नाही.

तिथून रिवाजच पडला. भिजून आलो की मी चर्चमध्ये. एखाद्या वेळी कोरडा आलो तर हॅटवाल्या बाई विचारत, “का हो, या वेळी तंबू नाही?”

मला याचा अभिमान होता. आजही आहे. डोक्यावर छत असताना माणसांनी आणखी एका छताखाली बसून प्रार्थना केली, ते छत मी होतो.

२००७च्या जुलैत पाऊस थांबेना. नदीकाठच्या शिबिरात माझे दोर भिजून आवळले होते. ते सैल केले नाहीत तर खुंट्या उपटतात. स्किप भर पावसात बाहेर पडले. एक दोर सैल केला, दुसरा केला. तिसऱ्याशी वाकले आणि छातीला हात लावून तिथेच बसले. तो दोर हातात तसाच.

ॲम्ब्युलन्स आली. पालक गाड्या घेऊन धावले. मुले रडत होती. कोणीतरी मला खाली पाडले, चिखलासकट गुंडाळले, पिशवीत कोंबले.

“आता राहू दे. उद्या वाळवू,” एक आवाज म्हणाला.

हॉलच्या जिन्याखाली मला ठेवले. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी बघेल. मी दोष देत नाही. घाईत माणसे असेच करतात.

अंधारात मी वाट पाहिली. पाऊल वाजले की वाटे, स्किप आले. आधी माझ्या घड्या तापल्या. मग बुरशी चढली. मग शिवणी सुटल्या. त्याला आवाज होत नाही.

पुढच्या वसंतात पिशवी उघडली. स्किपच्या नावाने शिबिर ठरले होते, तंबू त्यांचाच लावायचा होता. स्किप गेले, हे मला तेव्हा कळले. त्यांची मुलगी मीनल आली होती. अनिश उंच झाला होता. त्याने मला टोकाला धरून उचलले आणि मी ओल्या कागदासारखा फाटलो.

“ताई, हे कसा झाला? स्किप कधीच ओला नाही ठेवायचे.”

मीनल खाली बसली. “हॉस्पिटलमध्ये बाबांनी विचारलं, तंबू वाळत घातला का? मी म्हटलं, हो. अनिशने चर्चमध्ये घातलाय. म्हणाले, दोर कशाला बांधला? मी म्हटलं, गॅलरीला. मग डोळे मिटले त्यांनी. तेच शेवटचं बोलणं.”

“आणि मग?”

“मग मला पिशवी उघडवेना. मी रोज म्हणायचे, उद्या.”

अनिशने माझे काळे कापड बोटांनी चाचपले.

“मी केला असता ना, ताई. मला कोणी सांगितला नाही.”

दोघांनी मला तशा अवस्थेत चर्चमध्ये नेले. अनिशने गॅलरीला दोर बांधला. गाठ स्किपचीच होती. जेवढा उरलो होतो तेवढा मला पसरले. रविवारी लोक माझ्याखाली बसले. कोणी नाकाला रुमाल लावला नाही. हॅटवाल्या बाई वर बघत राहिल्या.

उद्या मला कौन्सिलच्या कचरा डेपोत नेणार आहेत. योग्यच आहे. कुजलेल्या कॅनव्हासला ठिगळ लागत नाही. मुलांसाठी नायलॉनचे तंबू आले आहेत. त्यांना एवढेच सांगणे, तेही ओले ठेवू नका.

आणि स्किपना कोणी भेटणार असेल, तर निरोप द्या. तंबू वाळला. अनिशने वाळवला. दोर गॅलरीला बांधला होता.