नाकावर नारळ

मित्रांनो, मी एक जुनं विमान हाय, आणि अख्ख्या केज तालुक्यात माझ्या तोडीचं उडणारं दुसरं काही न्हाई. मला बघून घारी वाट सोडतात. आजवर मी एकूण अकरा मिनिटं उडालो, त्यातली चार उलटा. घारी वाट सोडतात ते त्यामुळंच.

माझं अंग फायबरचं, पंख पाच फुटाचे, आणि कारभार रिमोटवर. एवढी नाजूक वस्तू कुणाच्या हाती पडावी? सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनच्या. दुष्काळानं ऊस संपला, कारखाना तीन वर्षं बंद. मग चेअरमन सुंदररावांनी शोध लावला की विमानानं ढगात मीठ टाकलं की पाऊस पडतो. माझ्या पोटात मीठ मावतं पावशेर. ढग कुठं, मी कुठं. पण ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

आमच्याकडं नवा ट्रॅक्टर असो का बोअर, नारळ फोडल्याशिवाय चालू करत न्हाईत. शहाणी माणसं तो समोरच्या दगडावर फोडतात. सुंदररावांनी माझ्या नाकावर मारला. नाकाचे तीन तुकडे झाले. नारळ शाबूत राहिला.

मला सटवाच्या ओसरीत आणून टाकलं. सटवा कारखान्याचा हंगामी फिटर, कारखाना बंद झाल्यापासून फुटक्या टाक्यांना ठिगळं लावतो.

"सटवा, सभासदांच्या सभेच्या दिवशी हे उडालं तर तू पर्मनंट," सुंदरराव म्हणाले.

"बंद कारखान्यात पर्मनंट होऊन काय करणार तुम्ही?" त्याची बायको केसरबाई म्हणाली.

"बारा वर्षं हंगामी म्हणून हाक मारतेत. एकदा तर कागदावर नाव येऊ दे."

त्यानं माझ्या फुटक्या कडा घासल्या, आतून फायबरचं कापड लावून वर राळ फासली. तीन थर पुरले असते. टाकी गळू नये म्हणून देतो तसे त्यानं अकरा दिले. उन्हात राळ इतक्या झटक्यात वाळली की ब्रश आतच चिकटला. अजून तिथंच हाय. नाक जड झालं म्हणून शेपटीत नटबोल्ट बांधले.

केसरबाईनं मला उचलून बघितलं. "उडवायचं हाय का पाणी साठवायचं हाय?"

"आता नारळ फुटंल, नाक न्हाई," सटवा म्हणाला.

पण मी उडालो. माळावर एक फेरी मारून नीट उतरलो. सटवा तिथंच खाली बसला, रिमोट छातीशी धरून. मला त्याची जराशी दया आली. जराशीच.

सभेच्या दिवशी त्यानं माझ्यापुढं दगड धुऊन ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं.

"साहेब, नारळ दगडावर."

"मागच्या खेपेला नाकावर फुटला न्हाई, लोकांत माझी शोभा झाली," सुंदरराव म्हणाले, आणि हाणला.

नाक टिकलं. नारळ फुटला. टाळ्या पडल्या. पाणी मात्र नाकामागच्या फटीतून आत गेलं. रिमोटचा हुकूम ऐकणारी डबी तिथंच असती.

"साहेब, घडीभर वाळू द्या."

"सभासद उन्हात बसलेत बे. सोड."

सटवानं सोडलं. मी वर गेलो, आणि मग कुणाचंच ऐकलं न्हाई. सभासदांसाठी पाण्याचा टँकर उभा होता, झाकण उघडं. सरळ त्यातच घुसलो. पंख काठावर राहिले, बाकीचा मी पाण्यात. नाकाला ओरखडासुद्धा न्हाई.

सुंदरराव माइकवर म्हणाले, "मीठ पाण्यात पोचलं. प्रयोग यशस्वी."

"पण ते उडालं, साहेब," सटवा म्हणाला.

शब्द दिला होता, आणि सगळे बघत होते. पर्मनंटचं पत्र तयारच होतं, टेबलावर ठेवलेलं.

मित्रांनो, मोडलेली वस्तू जरूर दुरुस्त करा. पण ज्यानं मोडली त्याच्या हातात परत देऊ नका.

सटवा पत्र घ्यायला पुढं झाला. शुभ काम म्हणून सुंदररावांनी आधी टेबलावर नारळ फोडला. पाणी पत्रावर सांडलं, शाई पसरली, आणि नाव वाचता येईना.