करंगळीएवढा सैल

"घड्याळ मनगटाला कळता कामा नये. पट्ट्याखाली करंगळी सहज शिरली पाहिजे." सासऱ्यांनी आयुष्यभर पुष्कळ उपदेश केले, आमच्या ह्यांनी त्यातला एवढा एकच मनावर घेतला.

ह्यांना घड्याळांचा नाद आहे. महागड्यांचा नव्हे, दुकानाच्या कोपऱ्यातल्या टोपलीत स्वस्तात मिळतात त्यांचा. तबकडीकडे फारसं बघत नाहीत. आधी स्टीलचा पट्टा तळहातावर झुलवायचा, कड्यांत मनगटाचे केस अडकतात का ते पाहायचं, मग घरी आणून बारीक हातोडीने पिना ठोकत बसायचं. एक कडी काढली की आवळतो, घातली की घसरतो. अखेर मनासारखा बसला की चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, की इतक्या वर्षांच्या जपाने मलाही ते लाभलेलं नाही.

आणि मग हातात घड्याळ आहे हेच ते विसरतात. कुणी किती वाजले विचारलं तर भिंतीकडे बघतात.

"दादाच्या हातावर सगळं आहे, वेळ तेवढी नाही," असं माझी धाकटी नणंद हसत म्हणायची. पुढे तिला मोतीबिंदू झाला. सुईत दोरा ओवता येईना, शिवणाचं काम सुटायची वेळ आली. ऑपरेशनला जाईन तर दादाबरोबरच, हा तिचा हट्ट. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा हे उशिरा पोचले. तिसरी देताना डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आता चुकलात तर दुसरा दवाखाना शोधा.

आदल्या दिवशी ती घरी आली, तर हे नव्या घड्याळाचं कौतुक सांगत बसले. पट्टा म्हणे रेशमासारखा. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने बोटांनी चाचपून पाहिला. खरंच मऊ आहे रे, म्हणाली. मग तसाच हात धरून विचारलं, "उद्या सातला न्यायला येशील?"

"येईन."

"हे तू दोन घड्याळांपूर्वीही म्हणाला होतास."



सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. मागच्या दोन्ही वेळी हे रमतगमत आवरत होते आणि मी माळ फिरवत नुसती बघत राहिले. नेम पाळला, तारीख गेली. या वेळी मनाशी ठरवलं होतं, देवाची क्षमा मागायची आणि हाक मारायची.

तोंड उघडणार, तोच बाहेरच्या खोलीतून हातोडीची टुकटुक ऐकू आली. म्हटलं, झालं. पुन्हा पट्टा.

माळ हातात तशीच धरून दाराशी गेले. हे अंघोळ करून, कपडे घालून बसले होते. टेबलावर दोन कड्या काढून ठेवलेल्या. पट्टा मनगटावर चढवून त्यांनी खटका दाबला, करंगळी घालून पाहिली. शिरली नाही. हात हलवला तसा पट्टा कातडीला चावला. त्यांनी चटकन तबकडीकडे पाहिलं. दोन पावलं चालले, पुन्हा पाहिलं.

सात वाजायला बराच अवकाश होता.

मी दिसताच, मौनात असलेल्या मलाच त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. मग दार हळूच ओढून घेतलं आणि बहिणीच्या घराकडे निघाले.