अडीच इंच खाली

चष्मेवाल्याची गाडी लाल, दोन दारांची, दोनच माणसांची आणि वयाने त्याच्या दुकानाहूनही मोठी. त्रेपन्नाव्या वर्षी त्याने ती घेतली तेव्हा ओळखीपाळखीच्यांनी कपाळाला हात लावला. एकटी ताई म्हणाली, "बरं केलंस. आधी मला फिरवून आण."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हा पाचाचा. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, दुकान काढून दिलं. या रगाड्यात तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. आता घरात ही दोघंच. दर रविवारी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायची आणि दोघं तळ्यापर्यंत जाऊन यायची. मागच्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तरी रविवार काही फार दिवस बंद पडला नाही.

तळ्याकाठी जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचा अड्डा जमायचा. बहुतेक जण त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि त्यांच्या गाड्या जमिनीला चिकटल्यासारख्या बसक्या. एकदा त्यांच्यातला एक दाढीवाला त्याच्या चाकावरची मोकळी जागा बघून म्हणाला, "काका, इथे मांजर संसार थाटेल की!"

"असू दे रे," दुसरा म्हणाला, "काकांना बहिणीला हवा खायला न्यायचं असतं."

सगळे हसले. चष्मेवालाही हसला, पण ते बोलणं काट्यासारखं आत राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात तो गॅरेजमध्ये गेला. गॅरेज चालवणाऱ्या बाईंना सगळे मिस्त्रीबाई म्हणत. ताईला दवाखान्यातून परस्पर घेऊन आला होता. ती फळीच्या आडोशामागच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. समोर नेमका दाढीवाला आपल्या ब्रेकचं काम करून घेत होता.

मिस्त्रीबाईंनी टेबलावर स्प्रिंगांचे तीन सेट मांडले. "ह्या गाडी पाऊण इंच खाली घेतात. तुम्हाला कळेल, लोकांना कळणार नाही. ह्या दीड इंच. आणि ह्या अडीच. दिसायला झकास! पण आखूड स्प्रिंगला दबायला जागा कमी, म्हणून ती कडक असते. खड्डा आला की थेट मणक्याला कळतो." त्यांनी हात पुसले. "शेजारी कोण बसतं नेहमी?"

दाढीवाल्याने मान वर केली.

"कोणी नाही," चष्मेवाला म्हणाला. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणाला, "बसलंच तर सामान."

दाढीवाला खुदकन हसला. मिस्त्रीबाईंनी एकदा आडोशाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मग कुठल्या घालू?"

"अडीचच्या."

गाडी तिथेच ठेवून दोघं टॅक्सीने निघाली. वाटेत ताईने विचारलं, "ठरलं का रे?"

"हो. मधल्या घेतल्या."

"मधल्या बऱ्या," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर दिवसभर मिलिमीटरमध्ये मोजणारा हा माणूस. सीट किती खाली जाणार, हे त्याने मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं.

रविवारी ताई दाराची चौकट धरून बसायला लागली आणि शेवटचा टप्पा धपकन खाली गेली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. रस्ताभर गतिरोधक आला की दोन्ही हातांनी सीट धरायची. त्याने दोनदा विचारलं, "ठीक आहेस ना?" दोन्ही वेळा तिने मान हलवली.

तळ्याकाठी सगळे गाडीभोवती गोळा झाले. "काका, आता शोभते!" दाढीवाल्याने चाकावरच्या जागेत बोटं घालून दाखवली, दोनच मावली. चष्मेवाल्याची छाती फुगली. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. ताईने एक पाय बाहेर टाकला, उठायला गेली आणि पुन्हा आत पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून बारीकसं कण्हणं निघालं. तो धावला, पण त्याआधी दाढीवाला आणि आणखी एक जण तिच्या दोन्ही बाजूंना पोचले होते.

"सावकाश, मावशी."

"सावकाशच रे बाबांनो," ताई हसत म्हणाली. "जपून उतरवा. सामान आहे."

म्हातारीने गंमत केली असं समजून पोरं हसली. मग दाढीवाल्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि नजर तळ्याकडे वळवली. चष्मेवाल्याच्या कानशिलात कोणी भडकावल्यासारखं झालं. जमीन पोटात घेईल तर बरं, असं माणूस का म्हणतो ते त्याला त्या घडीला कळलं.

घरी आल्यावर ताईने नेहमीसारखा चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

"तू ऐकलंस."

"फळी किती जाडीची असते रे?"

"ताई, मला… त्या लोकांपुढे मला लाज वाटली."

"माझी?"

खोटं बोलायला जीभ वळली होती. त्याने ती आवरली. "हो."

ताईने गॅस बारीक केला. "खरं बोललास ते बरं झालं," ती म्हणाली. पण तिने मागे वळून काही पाहिलं नाही, आणि चहा दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत घेतला.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो गॅरेजमध्ये पोचला. सगळं सांगितलं, टॅक्सीतल्या थापेसकट.

"मला त्या दिवशीच दिसल्या होत्या तुमच्या ताई," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "म्हटलं, माणूस स्वतःहून सांगेल. नाही सांगितलंत. मीही गप्प बसले, ते काही बरं केलं नाही."

"मूळच्याच घाला परत."

"त्या तीस वर्षांत दबून गेल्यात. नव्या घालू, मूळ उंचीच्या. आणि सीटखाली दीड इंचाची ठोकळी."

गाडी पुन्हा उंच झाली. ताई मात्र दोन रविवार आली नाही. एकदा गुडघा म्हणाली, एकदा काहीच म्हणाली नाही. तो एकटा तळ्यापर्यंत जायचा आणि न थांबता परतायचा. तिसऱ्या रविवारी ती रुमाल बांधून खाली आली, बसली, दार ओढून घेतलं. तिला बसताना त्रास झाला नाही, हे त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतलं.

अड्डा दिसायला लागला तशी ती म्हणाली, "थांबू नकोस. पुढे घे."

"का गं?"

"तुला उगाच अवघड व्हायला नको."

ती हे कसलाही टोमणा न मारता म्हणाली; लहानपणी त्याला थंडी वाजेल म्हणून आपली शाल द्यायची, त्याच आवाजात. त्याला टोमणा सोसला असता. हे सोसवेना. क्षणभर त्याचा पाय खरंच अॅक्सिलरेटरवर राहिला, आणि तो राहिला याचीही त्याला लाज वाटली.

मग त्याने गाडी वळवून सगळ्यांच्या मधोमध उभी केली. वळसा घालून गेला, दार उघडलं आणि हात पुढे केला. ताई जराशी थबकली. मग तिने तो हात धरला आणि वेळ घेत, दोनदा दम खात, बाहेर आली. सगळे बघत होते.