पेत्राचा डावा पाय

येशूला दगा देणारा यहूदा व्हायला कुणी आपणहून तयार झाल्याचं अतिऊ बेटावर आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एकदा नुकूच्या नाटकात यहूदा झालं की झालंच. पुढची दोन-तीन वर्षं दुकानात, धक्क्यावर, तारोच्या मळ्यात लोक त्याच नावानं हाक मारतात आणि बायकोलाही 'यहूदीण' करून सोडतात. त्यामुळं देवळाचा डीकन काइरांगी उभा राहून "यहूदाचं काम मी घेतो" म्हणाला, तेव्हा सभागृहात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"काय म्हणालात, पापा?" पास्टरनं विचारलं. वडीलधाऱ्या माणसाला बेटावर पापाच म्हणतात.

"पेत्र दुसऱ्या कुणाला द्या. तरण्या पोरांना मिळू देत की मोठी कामं. माणसानं जरा नम्र असावं."

सुवार्तेचा दिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी प्रत्येक गाव मैदानावर आपलं नुकू करतं. म्हणजे बायबलातली एखादी गोष्ट नटूनथटून, गाऊन-वाजवून करून दाखवतं, आणि मग कुणाचं सरस झालं यावर वर्षभर भांडतं. यंदा पास्टरनं शेवटच्या भोजनाची रात्र निवडली होती. प्रभू येशू कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, ती गोष्ट. त्यात पेत्र काइरांगीच होणार, हे ठरवायला सभेची गरजच नव्हती. गावाचा मोशे तो, नोहा तो, अब्राहामही तोच. आवाज तसा होता, आणि तो आहे हे त्याला चांगलं माहीत होतं.

पास्टर हसला. "पापा, यहूदाचेही पाय धुतले होते त्या रात्री. बाराही जणांचे धुतले. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

सगळे हसले. पेत्र काइरांगीकडंच राहिला. तोही हसला आणि खाली बसताना त्यानं डावा पाय बाकाखाली ओढून घेतला.

त्या पायात बूट होता, बुटात मोजा होता, मोज्यात पट्टी होती आणि पट्टीखाली काय होतं ते काइरांगीला आणि देवालाच ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या खडकावरून उतरताना प्रवाळाचा एक खडा अंगठ्याखाली घुसला होता. त्यानं तो उपटून फेकून दिला आणि विसरून गेला. दुखलंच नाही, तर लक्षात कशाला राहणार? आता तिथं करवंटीच्या डोळ्याएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या पडल्या होत्या, तरी दुखत नव्हतं. भीती वाटायची ती याचीच. त्याच्या थोरल्या भावालाही दुखलं नव्हतं. आधी त्याचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापर्यंतचा पाय गेला, आणि शेवटी ऑकलंडच्या गारठ्यात उरलासुरला भाऊही गेला.

नर्स तुआइनेचा दवाखाना देवळापासून हाकेच्या अंतरावर होता. एखाद्यानं म्हटलं असतं, अरे बाबा, जा की मग. पण तिथं जायची वाट काइरांगीनं स्वतःच्या तोंडानं बंद करून घेतली होती. ईस्टरच्या सकाळी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून त्यानं साक्ष दिली होती: देवानं माझी साखर बरी केली. मी गोळ्या बंद केल्या. ज्याचा विश्वास आहे त्याला गोळी कशाला? त्यावर 'आमेन'चा असा गजर झाला की छपरावरची मैना उडाली. तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. नर्सच्या यंत्रावर एकदाच आकडा चांगला आला होता, तेवढ्या भांडवलावर त्यानं चमत्कार उभा केला होता. स्वतःला तो खराच वाटला होता.

आता पाय उघडा केला तर लोक काय म्हणतील? देवानं बरं केलं नाही म्हणतील. देवाची अब्रू आपल्या मोज्यात आहे, असं काइरांगीला मनापासून वाटत होतं. आपलीही तिथंच आहे, हे मात्र तो मनातल्या मनातही बोलत नव्हता.

घरी वेगळीच धांदल चालली होती. "कुठंतरी उंदीर मेलाय बघ," बायको तेपाएरू म्हणाली. तिनं चटया झटकल्या, कपाट सरकवलं. काइरांगीनंही तिच्याबरोबर वाकून वाकून उंदीर शोधला. मग न्हाणीत जाऊन दार लावलं आणि तियारेच्या फुलांचं खोबरेल पायावर ओतलं. दोन्ही वास एकमेकांत मिसळून तिसराच काहीतरी वास तयार झाला.

संध्याकाळच्या प्रार्थनेत तेपाएरू म्हणाली, "नुकूचाच अध्याय वाच ना आज. तोंडात बसेल."

"पाठ आहे मला."

"पाठ असलेलं वाचायला काय पैसे पडतात?"

त्यानं पान उलटलं आणि वंशावळ काढली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. तेपाएरूनं डोळे मिटले, पण ती ऐकत नव्हती, त्याच्याकडं लक्ष देऊन होती. चाळीसेक वर्षांच्या संसारात वंशावळ वाचायची पाळी त्याच्यावर अशी कधी आली नव्हती.

तालमीत आणखी एक काटा होता. येशूचं काम रोंगोला दिलं होतं. कारण एकच, त्याला दाढी होती. स्कूटर दुरुस्त करणारा हा रोंगो मळ्यात बसून संत्र्याची दारू प्यायचा, म्हणून काइरांगीनंच पुढाकार घेऊन त्याचं देवळातलं प्रभुभोजन बंद केलं होतं. दारू सुटली असं रोंगो सांगायचा. काइरांगी मान हलवायचा आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायला जरा जवळ सरकायचा. हल्ली मात्र तो कुणाच्याच फार जवळ सरकत नव्हता.

"हे बघ, उजवाच पाय धू," त्यानं रोंगोला बाजूला घेऊन सांगितलं. "बारा जण आहेत. चोवीस पाय धूत बसलास तर उमूच्या भट्टीतलं डुक्कर जळून कोळसा होईल."

"बरं, पापा."

"आणि डाव्याला मी झाडाच्या सालीचं कापड गुंडाळणार आहे. गुडघ्यापर्यंत. पेत्र कोळीच ना. जुन्या काळचे कोळी तसंच करायचे."

"हो का?" रोंगो म्हणाला. "मला नव्हतं माहीत."

काइरांगीलाही नव्हतं माहीत. पण डीकननं सांगितलं म्हटल्यावर विचारतो कोण?

तो दिवस उजाडला. मैदानाभोवती सगळं बेट गोळा झालं होतं. बायकांच्या पांढऱ्याशुभ्र हॅट, ढोल, पोरांचा गलका, उमूचा धूर. काइरांगी चादरीचा झगा घालून झाडाखाली आपली पाळी येण्याची वाट बघत होता. डाव्या पायाचं कापड त्यानं इतकं घट्ट बांधलं होतं की बोटं बधिर व्हायला हवी होती. पण ती आधीच बधिर होती. कापडावर एक ओला डाग उमटलाय का, हे तो सारखा वाकून बघत होता. एक माशी येऊन बसली. त्यानं ती हाकलली. ती परत आली.

तेवढ्यात वाइने आली. रोंगोची आई, काइरांगीची चुलतबहीण, लहानपणी त्याच्याबरोबर खेकडे पकडलेली.

"काय रे पेत्रा! घाम किती फुटलाय तुला! इतक्या वेळा मोशे झालास, आता कसली भीती?"

"ऊन आहे."

"ऐक, तुला सांगायचंच राहिलं." तिनं त्याचा हात धरला. "तुझ्या साक्षीनंतर मीही माझ्या साखरेवरच्या गोळ्या बंद केल्या. सगळ्या संडासात टाकल्या! नर्सला सांगते, घेते म्हणून. रोंगोलाही पत्ता नाही. म्हटलं, काइरांगीचा विश्वास आहे तर माझा का नाही?"

काइरांगीनं डावा पाय झग्याखाली ओढला. "कशी आहेस मग?"

"छान! डोळ्यांपुढं जरा धुकं येतं आणि रात्री तहान फार लागते. पण तो सैतान आहे, परीक्षा बघतोय. तुझ्याकडं बघते आणि धीर येतो."

"वाइने, ऐक..."

ढोल वाजले. गावाचं नाव पुकारलं गेलं, आणि गाणाऱ्यांच्या घोळक्यानं त्याला ढकलतच मैदानात नेलं. मागं वळून बघितलं तेव्हा वाइने हॅट सावरत पुढच्या रांगेत जाऊन बसत होती. बसताना तिनं खुर्ची हातानं चाचपून बघितली. ते त्यानं पाहिलं. आपला पाय गेला तर आपल्या मूर्खपणानं जाईल. तिचे डोळे गेले तर?

मैदानावर चटई, चटईवर बारा शिष्य. रोंगो उठला, त्यानं टॉवेल कमरेला गुंडाळला, लाकडी परातीत पाणी ओतलं. पहिल्याचा पाय धुतला, दुसऱ्याचा धुतला. रोंगो पाय असे धूत होता, जणू खरंच त्यांना चिखल लागलाय. तिसऱ्या जागी काइरांगी होता.

"प्रभू," तो म्हणाला, आणि ज्या आवाजाची त्याला एवढी घमेंड होती तो फाटला, "तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. कधीच नाही!"

गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली. काय काम करतो म्हातारा! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं!

रोंगोनं त्याच्याकडं बघितलं. "मी तुला धुतलं नाही," तो सावकाश म्हणाला, "तर तुझा माझा काही संबंध नाही."

हे वाक्य काइरांगीनं आयुष्यभर वाचलं होतं. त्यावर प्रवचनं दिली होती, पोरांकडून घोकून घेतलं होतं. दर वेळी ते पेत्राला म्हटलेलं होतं. आज ते त्याला म्हटलं गेलं. तुझा माझा काही संबंध नाही. ईस्टरपासून आपण ज्याची अब्रू राखत बसलोय, त्याच्याशी इतक्या दिवसांत एक खरा शब्द बोललेलो नाही, हे त्याला भर मैदानात, चादरीच्या झग्यात कळलं.

रोंगोनं उजवा पाय धुतला, पुसला, आणि ठरल्याप्रमाणं पुढच्याकडं वळायला उठू लागला. काइरांगीनं त्याचा दंड धरला.

"हाही धू."

"पापा, उजवाच म्हणाला होतात ना?" रोंगो कुजबुजला.

"हाही धू, रोंगो."

गाठ सुटेना. शेवटी दोघांनी मिळून कापड सोडलं. पट्टी जखमेला चिकटली होती; रोंगोनं पाणी ओतून ती भिजवून काढली. वास आला तसा शेजारी याकोब होऊन बसलेला पोरगा तोंड फिरवून उठला. पुढच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं. रोंगोच्या चेहऱ्यावरचा येशू कुठल्या कुठं गेला आणि नुसता रोंगो उरला, घाबरलेला.

"कधीपासून आहे हे? थांबू का मी?"

"थांबू नकोस."

रोंगो थांबला नाही. काइरांगी बसल्या जागेवरूनच लोकांकडं वळला.

"मी बरा झालेलो नाही," तो म्हणाला. "देवानं तसं मला कधी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं तुम्हाला. मग हे झालं, आणि मी ते लपवलं. माझं ऐकून कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच सुरू करा. वाइने, तू आजच. आत्ता. नर्स इथंच बसलीय."

गाणारे गाणं विसरले होते. नर्स तुआइने खुर्च्या बाजूला सारत धावत आली, पण तिच्याआधी वाइने पोचली. ती रागानं लालबुंद झाली होती.

"मी तुझ्या तोंडाकडं बघून टाकल्या रे!" ती ओरडली. "एवढे महिने! आणि तू बुटात घालून फिरत होतास हे?"

"हो."

"हो काय, हो? मी आंधळी झाले असते तर?"

"हो, वाइने. माझंच चुकलं."

आणखी शिव्या द्यायला तिनं तोंड उघडलं, पण पायाकडं लक्ष गेलं आणि ती चटईवर बसलीच. तेपाएरू येऊन नवऱ्याच्या मागं उभी राहिली होती. उंदीर सापडला, एवढंच ती पुटपुटली, आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगलाच जड होता. घरी गेल्यावर काय ऐकायचंय त्याची कल्पना त्याला तेवढ्यावरून आली.

नर्सनं पाय उचलून उजेडात धरला. दाबला. "हे कळतंय? हे?" त्यानं मान हलवली. नाही.

"उद्याच्या विमानानं रारोटोंगाचं मोठं हॉस्पिटल," ती म्हणाली. "अंगठा जाईल, पापा. पाऊल वाचेल की नाही, मला नाही सांगता येणार."

पास्टर घाईघाईनं पुढं आला. नुकू अर्धवट राहिलं होतं, नऊ शिष्य धुवायचे बाकी होते, आणि काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. म्हणून त्यानं अशा वेळी गावात सगळे करतात तेच केलं. "पापा, तुम्हीच प्रार्थना करता का?"

लोकांनी माना खाली घातल्या. काइरांगीची प्रार्थना म्हणजे उत्पत्तीपासून निघून संदेष्ट्यांच्या गावांवरून फिरत येणारी, लांबलचक. उभ्या असलेल्यांनी सवयीनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. त्यानं डोळे मिटले आणि नेहमीची सुरुवात शोधली. हे सर्वसमर्थ, हे आकाश आणि पृथ्वीच्या... ते शब्द सगळे जागच्या जागी होते, पण एकही उचलवेना.

"देवा," तो म्हणाला, "मला भीती वाटतेय."

सगळे पुढच्या वाक्यासाठी थांबले. पुढचं वाक्य नव्हतं. त्याचा पाय अजून रोंगोच्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला, आणि काइरांगी लहान पोरासारखा रडत होता. भीती तशीच होती, पण आता ती दुसऱ्यांनाही माहीत होती.

"आमेन," वाइने म्हणाली, अजून रागातच.