मिश्रीच्या दुकानातली खुर्ची

भोरच्या बाजारपेठेत कुंडलिकचं तंबाखूचं दुकान होतं आणि त्या दुकानात हल्ली एक खुर्ची आली होती, पाठ मागे कलणारी, मान टेकायला उशी असलेली. दर आठवड्याला सर्व्हिस मोटारीनं पुण्याला जाऊन, एका दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली राबून कुंडलिक दात काढायला आणि भरायला शिकला होता; पुण्याच्या खेपा अजून चालूच होत्या. आता त्याला तंबाखू सोडून दातांचा दवाखाना थाटायचा होता. पण दुकान बंद केलं तर घर चालायचं कशावर? म्हणून एका अंगाला तंबाखूची पोती, दुसऱ्या अंगाला खुर्ची आणि मधे कुंडलिक, असं त्याचं तळ्यात मळ्यात चाललं होतं.

त्याला एका जागी चैन पडेना. तागडी हातात घेई, मधेच उठून खुर्ची पुसे, चिमटे सरळ मांडून ठेवी आणि परत येईतो काय तोलत होता तेच विसरून जाई. गिऱ्हाईक बोलू लागलं की तोंडाकडं न बघता दातांकडं बघे. बायका बिचाऱ्या लाजून पदर पुढं ओढत.

एवढं करून खुर्ची रिकामीच! वेल्ह्याकडची माणसं बाजाराला आली की गाल धरून दुकानाची पायरी चढत. कुंडलिकला हुरूप येई.

"बसा की खुर्चीत. आत्ता काढतो."

"नगं बा. वरचा दात हाय, काढला की डोळा जातो. त्यापरीस मिश्री द्या. तुमची मिश्री चोळली की ठणका थांबतो."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखू. पार तोरण्याच्या पायथ्यापर्यंत कुंडलिकच्या मिश्रीचं नाव होतं. त्याच्याच मालानं त्याचीच खुर्ची रिकामी ठेवली होती आणि हे कळूनही तो पुड्या बांधत होता.

ती मिश्री भाजायची त्याची बायको अंबूबाई. मागच्या पडवीत दिवसभर तिची चूल धगधगे. खुर्चीबद्दल ती कधी बरं बोलली नाही की वाईट बोलली नाही. कुंडलिकला हेच फार लागे.

"तुला माझी विद्या खोटी वाटती का?" त्यानं एकदा चिडून विचारलं.

तिनं पदर तोंडाशी धरला आणि तवा हलवत राहिली. अलीकडे ती पदराआडूनच बोले, भाकरी कालवणात पार भिजवून खाई. जगाच्या तोंडात डोकावणाऱ्या या माणसाचं तिकडं लक्षच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मात्र तिचा गाल टरारून सुजला. कुंडलिकनं हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि त्याचे हात थबकले. उजवीकडच्या हिरड्या भाजल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. बोट लावलं की दात हलत होते.

"किती मिश्री लावतीस गं?"

"लावत न्हाई. चव बघती. परत्येक घाण्याला."

"कशापायी?"

"तोंडात धरल्याबिगर कसं कळंल, लागती का न्हाई? घाणा कच्चा गेला तर गिऱ्हाईक तुटंल. मग तुमी पुण्याला जाणार कशाच्या जिवावर?"

बधिर करायची सुई देऊन कुंडलिकनं सगळ्यात ठणकणारा वरचा दात काढला. हात चांगले चालले. डॉक्टर असते तर खूश झाले असते.

"ह्या बाजूचे अजून काढाया लागतील," तो खाली मान घालून म्हणाला.

अंबूबाईनं चूळ भरली. "काढा की. पर डावी बाजू ऱ्हाऊ द्या. तुमची खुर्ची चालंपातूर चव बघाया पायजे न्हवं?"

त्याला स्वतःची एवढी शरम कधी वाटली नव्हती. त्यानं तिच्या जखमेवर कापसाचा बोळा ठेवला, तो दाबून धरायला सांगितलं आणि तरातरा पडवीत गेला. तव्यावरचा घाणा चुलीत उपडा केला. कुटून ठेवलेल्या मिश्रीचा डबाही त्यावर रिकामा केला. धुरानं खोकत तो बाहेर आला, तर पायरीवर वेल्ह्याचा गेनबा गाल धरून उभा.

"मिश्री द्या, शेट."

"संपली."

"मंग कवा मिळंल?"

"आता न्हाई मिळायची, गेनबा."

"मंग ह्या ठणक्याला लावू तरी काय?" गेनबा रडकुंडीला आला.

कुंडलिकनं खुर्चीकडं बघितलं. गेनबा दोन पावलं मागं सरला. "नगं नगं. वरचा हाय. डोळा जातो."

अंबूबाईला बोळ्यामुळं बोलता येईना. ती खुर्चीतून उठली, पदरानं उशी पुसली आणि गेनबासमोर जाऊन उभी राहिली. सुजलेल्या गालावर बोट ठेवून तिनं वरचा दात गेल्याची खूण केली आणि मग दोन्ही डोळे चांगले मोठे करून त्याच्याकडं बघितलं.

गेनबा बराच वेळ त्या डोळ्यांकडं बघत राहिला. मग डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेत तो खुर्चीत बसला.